‘दिवाणी बाब आहे’ म्हणून पोलिसांनी परत पाठवलं, आता कुठल्या कोर्टात जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातली शेतजमीन घेण्यासाठी तुम्ही साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार केला आणि ८ लाख रुपये विसार दिला. मालकाने खरेदीखताला टाळाटाळ केली आणि तीच जमीन दुसऱ्याला विकून टाकली. तगादा लावल्यावर विसाराच्या रकमेचा चेक दिला, तोही वटला नाही. पोलीस ठाण्यात गेलात तर ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असं उत्तर मिळालं. आता तालुक्याचं कोर्ट की जिल्ह्याचं, दिवाणी की फौजदारी, आणि ही सगळी कोर्टं एकमेकांना जोडलेली कशी आहेत, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

आधी घाईचं काम. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो तुमच्या हातात कधी पडला, ती तारीख पाहा. त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत मालकाला रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, आणि ते संपल्यावर एक महिन्यात कोर्टात फिर्याद दाखल व्हावी लागते. शेवटच्या मुदतीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र तशी सोय नाही. ही नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा, आणि मग पुढचं सावकाश वाचा.

तुमच्या एका व्यवहारातून तीन तक्रारी निघतात. जमीन नावावर करून हवी किंवा पैसे व्याजासह परत हवेत, ही झाली दिवाणी मागणी. चेक न वटणं हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालचा गुन्हा आहे, तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. आणि मालकाने पैसे घेतानाच फसवायचं ठरवलं होतं असं दाखवता येत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, म्हणजे जुनं ४२०. तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. एक सुरू केला म्हणून दुसरा बंद होत नाही. लोक विचारतात, ‘माझी केस दिवाणी की फौजदारी?’ पण घटना मुळात दिवाणी किंवा फौजदारी नसते. तुम्ही कोर्टाकडे काय मागताय, यावरून कोर्ट ठरतं.

हक्क ठरवून द्या, कबजा द्या, रक्कम द्या, अमुक करायला मनाई करा, वाटप करा, करार पाळायला लावा, असं मागितलं की ते दिवाणी. इथे तुम्ही वादी, समोरचा प्रतिवादी, आणि दोघांपैकी कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय वाटतं एवढं पाहून निकाल देता येतो. शिक्षा करा असं मागितलं की ते फौजदारी. पोलिसांनी गुन्हा दाखल केला की खटला सरकार विरुद्ध आरोपी असा होतो, तो सरकारी वकील चालवतात, आणि वाजवी संशयापलीकडे गुन्हा शाबित झाला नाही तर आरोपी सुटतो. म्हणून एकाच प्रसंगाबद्दल दिवाणी कोर्टात जिंकलेला माणूस फौजदारीत हरतो, असं होतं आणि त्यात विसंगती काही नाही. पुराव्याचं मोजमापच वेगळं आहे.

आता प्रत्यक्ष तालुक्याच्या कोर्टात या. न्यायाधीशांच्या दालनाबाहेर पाटी असते: ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’. म्हणजे माणूस एकच, अधिकार दोन. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी पुकारली जाते. पोलीस कोणाला तरी रिमांडसाठी हजर करतात, तेव्हा साहेब न्यायदंडाधिकारी असतात. अर्ध्या तासाने बांधाच्या भांडणात मनाई हुकमाचा युक्तिवाद सुरू होतो, तेव्हा तेच साहेब दिवाणी न्यायाधीश होतात. खुर्ची तीच, शिरस्तेदार तेच, लागू होणारा कायदा मात्र दुसरा. दाव्यांच्या नंबरांवरूनही हे ओळखता येतं. रेग्युलर सिव्हिल सूट म्हणजे कनिष्ठ स्तराचा दिवाणी दावा, स्पेशल सिव्हिल सूट म्हणजे वरिष्ठ स्तराचा, आरसीसी म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा फौजदारी खटला, दरखास्त म्हणजे निकालाची अंमलबजावणी. जिल्ह्याच्या ठिकाणीही रचना अशीच आहे. जिल्हा न्यायाधीश दिवाणी काम पाहतात तेव्हा जिल्हा न्यायाधीश, फौजदारी पाहतात तेव्हा सत्र न्यायाधीश.

दिवाणी बाजूला पायऱ्या पैशाने ठरतात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिचं कलम १५ सांगतं की दावा चालवायला सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या कोर्टातच दावा लावायचा. महाराष्ट्रात मुंबईबाहेर ५ लाखांपर्यंतचे दावे कनिष्ठ स्तराकडे, त्यावरचे वरिष्ठ स्तराकडे जातात. तुमचा विसारच ८ लाखांचा आहे, आणि करार पाळून मागायचा असेल तर जमिनीची ठरलेली पूर्ण किंमत धरून दाव्याचं मूल्यांकन होतं. त्यामुळे तुमचं कोर्ट दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. ठिकाण कोणतं? स्थावर मालमत्तेचा दावा जिथे मालमत्ता आहे तिथे. प्रतिवादी पुण्यात राहायला गेला तरी जमीन सांगलीत असेल तर दावा तिथलाच. नुसते पैसे मागणार असाल तर प्रतिवादी राहतो तिथे किंवा व्यवहार जिथे घडला तिथेही लावता येतो.

मुंबई शहराची घडी वेगळी आहे. तिथे शहर दिवाणी न्यायालय आहे, ज्याची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये १ कोटीवरून १० कोटींवर नेली. त्यावरचे दावे हायकोर्टाच्या मूळ शाखेत जातात. भाडेकरूंचे वाद लघुवाद न्यायालयात.

फौजदारी बाजूला पायऱ्या शिक्षेने ठरतात. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम २३ नुसार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड करू शकतात, आणि आता सामुदायिक सेवेची शिक्षाही देऊ शकतात. मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. सत्र न्यायाधीश कायद्यात असलेली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, पण फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. नव्या संहितेने महानगर दंडाधिकारी हा वर्ग आणि सहायक सत्र न्यायाधीश हे पद काढून टाकलं आहे.

खून, बलात्कार, दरोडा असे खटले सत्र न्यायालयातच चालतात. तरीही अटक झालेला माणूस पहिल्यांदा उभा राहतो तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच, तेही २४ तासांच्या आत. हा नियम संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे. पुढे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दोषारोपपत्र आलं की न्यायदंडाधिकारी खटला सत्र न्यायालयाकडे पाठवतात. ‘खुनाची केस आमच्या तालुक्याच्या कोर्टात होती, ती जिल्ह्याला कशी गेली?’ असं नातेवाईक घाबरून विचारतात, त्याचं उत्तर एवढंच आहे.

एक गोंधळ फार मोठ्या प्रमाणावर आहे. तहसीलदार आणि प्रांत यांनाही दंडाधिकारी म्हणतात, पण ते कार्यकारी दंडाधिकारी. शांतता राखणं, जमावबंदी, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेणं एवढंच त्यांचं काम. गुन्हा शाबित करून शिक्षा देणं त्यांच्याकडे नाही. ही फारकत संविधानाच्या कलम ५० मधल्या तत्त्वावर उभी आहे आणि तिची किंमत मला रोज जाणवते: अटक करवणाऱ्या यंत्रणेनेच निवाडाही करावा, ही पद्धत आपण जाणीवपूर्वक सोडली.

आता ‘दिवाणी बाब आहे’ या उत्तराकडे येतो, कारण या तीन शब्दांनी अनेक माणसं वर्षानुवर्षं घरी बसली आहेत. या उत्तराला कायद्यात आधार आहे, हे आधी मान्य करू. करार मोडला म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलं आहे की वचन देतानाच मनात अप्रामाणिक हेतू होता हे दिसलं पाहिजे. नंतर पैशाची अडचण आली, भाव वाढल्यावर मन बदललं, तर तो करारभंग. तुमच्या प्रकरणात हेतूची खूण शोधायची ती तारखांत. साठेखताच्या दिवशी जमिनीवर बोजा होता आणि तो लपवला का? दुसऱ्या खरेदीदाराकडून त्याने तुमच्या आधीच पैसे घेतले होते का? असा एखादा कागद मिळाला तर चित्र पालटतं.

पण ‘दिवाणी बाब’ म्हणजे तुमचं म्हणणं खोटं, किंवा तुम्हाला दाद नाही, असा अर्थ अजिबात होत नाही. आणि तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं, व्यापारी आणि कौटुंबिक स्वरूपाच्या तक्रारींत मात्र आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. पोलीस ठाण्याने नोंद घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. जुन्या संहितेतलं हे १५६(३). अधीक्षकांकडे आधी गेल्याचा पुरावा नसेल तर हा अर्ज टिकत नाही, म्हणून पोचपावतीशिवाय एकही कागद देऊ नका.

मात्र पैसे वसूल करायचे म्हणून फौजदारी फिर्याद करणार असाल तर थांबा. फौजदारी कोर्ट शिक्षा देतं. पैसे मिळवून देणं हे त्याचं मुख्य काम नाही, आणि दबावासाठी केलेल्या फिर्यादी हायकोर्टात रद्द होतात. त्या रद्द झाल्याचा फटका खऱ्या दिवाणी दाव्यालाही बसतो, कारण समोरचा वकील तो निकाल प्रत्येक तारखेला पुढे करतो.

चेकचं प्रकरण याला अपवाद म्हणावं असं आहे. रूप फौजदारी, पण जीव पैशात. सही मान्य असेल तर चेक हा देणं फेडण्यासाठीच दिला असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढायची जबाबदारी आरोपीवर येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. फिर्याद तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. या खटल्यात पोलीस नाहीत, सरकारी वकील नाही. फिर्यादी तुम्ही, वकील तुमचा.

पण एक निर्णय तुम्हाला आत्ताच घ्यावा लागेल: जमीन हवी की पैसे? विसार परत करण्यासाठी दिलेला चेक तुम्ही घेतलात आणि बँकेत भरलात. उद्या तुम्ही जमीन मागायला गेलात तर प्रतिवादी म्हणणार, चेक घेतला म्हणजे व्यवहार रद्द झाल्याचं तुम्ही मान्य केलं. हा बचाव पोकळ नाही. चेकच्या नोटिशीत आणि दाव्यात एकमेकांना छेद देणारी वाक्यं गेली की उलटतपासात तीच समोर येतात. म्हणून दोन्ही कागद एकाच वकिलाने, एकत्र बसून लिहिलेले बरे.

जमीनच हवी असेल तर करारपूर्तीचा दावा. मुदत ३ वर्षं: साठेखतात खरेदीची तारीख असेल तर तेव्हापासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. दुसऱ्या खरेदीदारालाही प्रतिवादी करा. त्याने तुमचं साठेखत माहीत नसताना, प्रामाणिकपणे, पूर्ण मोबदला देऊन जमीन घेतली असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. तुमचं साठेखत नोंदणीकृत असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं त्याला फार जड जातं, नोटरीवरचं असेल तर तुमचं काम अवघड होतं. विसार परत मिळावा ही पर्यायी मागणी दाव्यात लिहायला विसरू नका. ती लिहिलेली नसेल तर कोर्ट ती देत नाही. दावा दाखल होताच निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे निकालापर्यंत जमीन पुढे विकू नये असा मनाई हुकूम मागा, आणि लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. नुसते पैसे हवे असतील तर चेकच्या आधारे संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करायचा असेल तर आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

पुढचा प्रवास सगळ्या दिवाणी दाव्यांत सारखा: समन्स, प्रतिवादीची कैफियत, मुद्दे काढणं, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, निकाल, आणि त्यानुसार निघणारा कोर्टाचा आदेश, म्हणजे हुकूमनामा. आणि हुकूमनामा हातात आल्यावर पैसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी दरखास्त करावी लागते, तिची मुदत १२ वर्षांची आहे. जप्ती, बेलिफ, कबजा हे सगळं दरखास्तीत होतं. समोरच्याच्या नावावर काय काय आहे याची माहिती दावा लावतानाच गोळा करणारा पक्षकार इथे वर्षं वाचवतो.

अपिलांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. ‘खाली हरलो तरी वर बघून घेऊ’ ही समजूत घातक आहे. दिवाणी दाव्यात पहिलं अपील पुरावा आणि कायदा दोन्हींवर ऐकलं जातं. वरिष्ठ स्तराच्या निकालावर ते साधारणपणे जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, आणि दाव्याची रक्कम फार मोठी असेल तर थेट हायकोर्टात ९० दिवसांत. त्यानंतरचं दुसरं अपील कलम १०० खाली फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर असतं. साक्षीदार खरा की खोटा, सही कोणाची, पैसे कधी दिले, हे तिथे सहसा पुन्हा उघडलं जात नाही. सुप्रीम कोर्टात कलम १३६ खाली विशेष परवानगी मागावी लागते, ती हक्क म्हणून मिळत नाही. म्हणजे पहिल्या कोर्टात जो कागद निशाणी, म्हणजे कोर्टाचा क्रमांक पडून पुराव्यात आला नाही, तो पुढे सहजासहजी येत नाही. खालच्या कोर्टाला ‘छोटं कोर्ट’ समजून नवख्याकडे उलटतपास सोपवणाऱ्या पक्षकाराचं नुकसान तिथेच होऊन जातं. फौजदारीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर अपील सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ पासूनचं. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात त्याची खंडपीठं आहेत. तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना आता हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागत नाही. यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी अनेक दशकं लढा दिला. हायकोर्ट केवळ अपिलाचं कोर्ट नाही, खालच्या सगळ्या कोर्टांवर देखरेखीचा आणि नियंत्रणाचा अधिकार संविधानाने त्याच्याकडे दिला आहे.

तुमच्या प्रश्नात आणखी एक यंत्रणा येणार, ती म्हणजे महसूल. दुसऱ्या खरेदीदाराचा फेरफार मंजूर होण्याआधी तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. पण सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद महसुलासाठी असते, मालकीचा वाद दिवाणी कोर्टच ठरवतं. उलट जमिनीवर कूळ असल्याचा मुद्दा निघाला तर १९४८ च्या कूळकायद्याने तो दिवाणी कोर्टाच्या हातातून काढून महसुली अधिकाऱ्यांकडे दिला आहे. मोटार अपघात, ग्राहक, कामगार, सहकार यांच्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं आणि न्यायालयं आहेत. तुमच्या वादाचा त्यांच्याशी संबंध नाही.

वकिलाकडे जाताना मूळ साठेखत, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, चेक आणि मेमो, ताजा सातबारा, फेरफार आणि दुसऱ्या खरेदीखताची सूची दोनची नक्कल एवढं घेऊन जा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. लोकअदालतीचा पर्यायही मनात ठेवा, तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. पण ज्या रकमेवर तडजोड करताय ती सहीआधी बँकेत जमा होईल किंवा हप्ते चुकल्यास काय, हे निवाड्यातच लिहून घ्या. तसं लिहिलेला लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच दरखास्त करून वसूल करता येतो.